प्रबंध इंदूरवर लिहा

शाश्वत विकास शिकायला परदेशी जाणाऱ्या इंदूरच्या मुलामुलींनी आपला शेवटचा प्रबंध इंदूरवर, माळव्यावर लिहावा, आणि तो त्यांना लिहिता यावा याची तजवीज नगर निगमाने आणि आपल्या मराठी संस्थांनी करावी, असं माझं म्हणणं आहे. मुलं परत येतात की तिकडेच राहतात, या वादात आपण फार वर्षं घालवली. त्या वादातून शहराच्या हाती काही आलं नाही. प्रबंध मात्र येऊ शकतो.

आपल्या घरांतून परदेशी जाणारी मुलं पूर्वी संगणक घेत, फार तर मेकॅनिकल. आता सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबागेतून ऊर्जा धोरण, जलव्यवस्थापन, शाश्वत विकास अशा विषयांत मास्टर्स करायला मुलं निघतात. मला याचा मनापासून आनंद आहे. ‘याला स्कोप काय?’ असं विचारणाऱ्या आईवडिलांना आता उत्तरही देता येतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला आहे, आणि तो नीट लिहिणारी, त्यातले आकडे तपासणारी माणसं लागतात.

पण मध्यमवर्गी घराला हे शिक्षण जड जातं. ब्रिटनमध्ये एका वर्षाची फी आणि राहणं-खाणं धरून आकडा तीस लाखांच्या पुढे सहज जातो. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो पडतात), पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवून दाखवावे लागतात. स्वीडनने २०११ पासून आपल्यासारख्यांना फी लावली. घर तारण ठेवून कर्ज काढलेले पालक मला माहीत आहेत. एवढ्या पैशातून आणि कष्टांतून जे ज्ञान तयार होतं ते नेमकं कशाबद्दल असतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी विचारत आले. भूगोल शिकवत होते, त्यामुळे शिफारसपत्रासाठी मुलं अजून घरी येतात आणि नंतर कळवतातही. एकीचा प्रबंध स्वीडनमधल्या एका छोट्या गावातल्या सायकल तळांवर होता. एकाचा नेदरलँड्समधल्या दुकानांच्या प्लास्टिक वेष्टनांवर. या विषयांत खोट काही नाही. मुलं पद्धत शिकली, गुणही चांगले मिळाले. पण तिथल्या गावाचा आकडा तिथल्या गावाला आधीच ठाऊक होता, आणि आपल्या गावाचा कुणालाच नाही. मुलांनी असे विषय का निवडले, हेही उघड आहे. तिथल्या नगरपालिकेच्या संकेतस्थळावर वर्षावर्षाची माहिती तयार असते, आणि प्राध्यापकांचा त्याच विषयावरचा प्रकल्प चालू असतो. इंदूरहून माहिती हवी तर पत्र लिहायचं, आठवण करायची, कुणा ओळखीच्याला झोन कार्यालयात पाठवायचं. प्रबंधाला असतात पाच-सहा महिने. जिथे माहिती मिळते तिथला विषय मुलं घेणार, त्यात त्यांचा दोष नाही.

आता या शहराची एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती आपल्याच मुलांना ठाऊक नसते. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ पासून बिहारमधल्या पुसा इथे सरकारी संशोधन करत होते. तिथे त्यांना एक गोष्ट सतत खुपत होती. पीक एकच, पण माती बघणारा वेगळा, कीड बघणारा वेगळा, बी बघणारा वेगळा, आणि शेतकऱ्याचं शेत सबंध बघणारा कुणीच नाही. १९२४ साली ते इंदूरला आले. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली, मध्य भारतातली संस्थानं आणि कापूस समिती यांनी पैसा दिला, आणि इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. तिथे कपाशीच्या पऱ्हाट्या, शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख खड्ड्यात थराथराने रचायची, ओल सांभाळायची, ठरावीक दिवसांनी वरखाली करायची आणि सुमारे तीन महिन्यांत खत काढायचं, ही रीत बसवली गेली. इथल्या शेतकऱ्यांकडून आणि चीनच्या जुन्या शेतीच्या वर्णनांतून हॉवर्डनी बरंच उचललं होतं, आणि ते तसं मोकळेपणाने सांगत. जगात ही रीत ‘इंदूर पद्धत’ याच नावाने गेली. आसामच्या चहामळ्यांत आणि केनियातल्या कॉफीच्या मळ्यांत ती वापरली गेली. ब्रिटनमधली सेंद्रिय शेतीची चळवळ ज्या विचारावर उभी राहिली तो इथल्या खड्ड्यांतून निघालेला आहे.

१९३१ साली ऑक्सफर्डने या कामावरचं पुस्तक छापलं. त्यावर नावं दोन आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड या संस्थेत रसायनशास्त्राचं काम बघत. खतातला नत्र किती टिकतो, किती उडून जातो, याची मोजमापं केल्याशिवाय ही पद्धत पद्धत झालीच नसती. हॉवर्ड यांचं नाव आज सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक इतिहासात येतं. वाड यांचं नाव शोधावं लागतं. इंदूरचा मराठी मुलगा युरोपात शाश्वत शेतीच्या तासाला बसतो, तिथे त्याला आपल्या गावाचं नाव ऐकू येतं, आणि ते का घेतलं जातंय हे त्याला तिथे पहिल्यांदा कळतं. याचं मला दुःख होतं.

त्या मुलाने आपला विषय इथूनच उचलावा. शहराचा कचरा जिथे जातो त्या देवगुराडियाला १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेला बायो-सीएनजी प्लांट दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा आहे. त्यातून गॅस निघतो, गॅसवर सिटी बस धावतात, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच. पण त्यातून जे खत निघतं ते जातं कुठे? सांवेर आणि देपालपूरचा शेतकरी ते घेतो का, कोणत्या भावाने, आणि एकदा घेतलेला दुसऱ्या हंगामात परत येतो का? माळव्याच्या काळ्या मातीत गेली चाळीसेक वर्षं खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू असंच चाललंय. त्या मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीचा कस टिकवणारा कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला कार्बन, किती उरला आहे? वाडांच्या काळातली मोजमापं छापलेली आहेत. शंभर वर्षांनी त्याच परिसरात पुन्हा मोजणं, आणि शहराचा ओला कचरा ती तूट भरून काढू शकतो का याचा हिशेब मांडणं, एवढं काम एका मास्टर्सच्या विद्यार्थ्याला नक्की झेपेल. त्याला हिशेबाची जी नवी साधनं लागतील तीच तर तो तिकडे शिकायला गेलेला असतो.

दुसरा विषय कटू आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारात पडलेला विषारी कचरा २०१२ साली जर्मनीत, हॅम्बुर्गला नेऊन जाळायचा विचार पुष्कळ पुढे गेला होता. जर्मन सरकारची जीआयझेड ही संस्था ते काम घेणार होती आणि सुमारे २५ कोटींच्या खर्चाला केंद्र सरकारची मंजुरीही मिळाली होती. जर्मनीत विरोध झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जीआयझेडने माघार घेतली. पुढे काय झालं ते आपण पाहिलं. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनरांतून सुमारे ३३७ टन कचरा भोपाळहून पीथमपूरला निघाला. पीथमपूर आपल्यापासून तीसेक किलोमीटरवर. लोक रस्त्यावर आले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. इंदूरला पाणी देणाऱ्या यशवंत सागराची काळजी इथे घराघरांत बोलून दाखवली गेली. चाचण्या झाल्या, न्यायालयाच्या देखरेखीखाली काम चाललं आणि जूनअखेर तो कचरा जाळून झाला.

हॅम्बुर्गला नको म्हणता आलं आणि पीथमपूरला आलं नाही. शाश्वत विकासाच्या अभ्यासात याहून मोठा प्रश्न मला दिसत नाही. तिथल्या लोकांनी काय युक्तिवाद केले? त्यांच्या प्रतिनिधींनी कोणती कागदपत्रं मागितली, ती किती दिवसांत मिळाली? पीथमपूरच्या लोकांना तीच माहिती कधी, कोणत्या भाषेत, कुणाकडून मिळाली? जर्मनीतल्या त्या वेळच्या बातम्या, सभागृहातले प्रश्न, संस्थेची निवेदनं जर्मन भाषेत तिथे पडून आहेत. इंदूरमध्ये बसून ती वाचणारं कुणी नाही, आणि हॅम्बुर्गमध्ये बसून पीथमपूरच्या तारपुरा गावातल्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलणारं कुणी नाही. जर्मन शिकलेली, तिथल्या विद्यापीठाचं ओळखपत्र गळ्यात असलेली आणि सुट्टीत घरी येणारी आपली मुलगीच हा प्रबंध लिहू शकते. दुसऱ्या कुणाला तो लिहिता येणार नाही.

म्हणूनच ‘आपल्या देशाचा अभ्यास करायला परदेश कशाला?’ हा प्रश्न मला पटत नाही. तो फक्त नाक्यावर विचारला जातो असं नाही. अनुसूचित जाती आणि इतर काही वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. यासाठी लागणारी साधनं भारतातच आहेत, असा त्यामागचा तर्क होता. तो तर्क चुकीचा आहे, आणि त्याचा फटका नेमका ज्या मुलांना गावाची दुखणी आतून ठाऊक आहेत त्यांना बसतो. हॅम्बुर्गची कागदपत्रं भारतात नाहीत. पॅट्रिक गेडिस यांचे कागदही भारतात नाहीत.

गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार. होळकर दरबाराने त्यांना बोलावलं आणि १९१८ साली इंदूरवरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल छापून निघाला. ते गल्लीबोळांतून पायी हिंडले. नदीचे काठ, विहिरी, तलाव, बागा यांना जपून शहर कसं वाढवता येईल हे त्यांनी लिहून ठेवलं. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि जो रस्ता सर्वांत स्वच्छ असेल तिथून ती जाईल असं जाहीर केलं. लोकांनी घरं झाडली, कचऱ्याचे ढीग उचलले. स्वच्छतेत २०१७ पासून पहिला येणाऱ्या शहराने हे शाळेत शिकवायला हवं. गेडिस यांच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात आहे. ग्लासगोला शिकणाऱ्या इंदूरच्या मुलाने तो उघडून बघावा आणि गेडिसनी सांभाळा म्हणून सांगितलेल्या विहिरी आज कुठे आहेत हे शोधावं. ३० मार्च २०२३ च्या रामनवमीला मंदिरातल्या बावडीवरचा स्लॅब कोसळून इथे ३६ माणसं गेली. झाकलेल्या बावड्यांचा नकाशा तेव्हाच हातात असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

विषय आणखी पुष्कळ आहेत. नर्मदेचं पाणी १९७८ पासून नदीकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर, घाट चढवून आणतो. ते चढवायला लागणाऱ्या विजेसाठी निगमाने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी कर्ज उभारणारे रोखे) काढले आणि जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प घेतला. वर चढवलेल्या पाण्यातलं शहरात गळून किती जातं, हे मोजल्याशिवाय त्या विजेचा हिशेब पुरा होत नाही. बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेची व्यवस्था, २०१३ साली सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती तोडायला न्यायालयाने परवानगी दिली. मधल्या बारा वर्षांत काय चुकलं, काय बरं होतं, हे नीट लिहिलेलं हवं. परदेशी वर्गात शेजारी कोलंबियातल्या बोगोटाचा विद्यार्थी बसलेला असतो, त्याच्या शहरात ही व्यवस्था २००० पासून चालू आहे. त्याच्याशी बोलून लिहिलेला प्रबंध इथे बसून लिहिता येणार नाही. आणि देवगुराडियाच्या ढिगावर प्लास्टिक वेचून घर चालवणाऱ्या बायकांचं, तो सुमारे १३ लाख टनांचा जुना ढीग २०१८ मध्ये साफ झाल्यावर, काय झालं? पहिल्या क्रमांकाच्या गुणपत्रिकेत याला रकाना नाही. मला हा विषय सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

यावर आक्षेप येतील. पहिला म्हणजे मुलांना विषयाचं स्वातंत्र्य हवं. हवंच. बाल्टिक समुद्रातल्या माशांवर ज्याचा जीव जडला त्याने माशांवर लिहावं. माझी अट फक्त आपल्या संस्थांच्या पैशावर जाणाऱ्यांसाठी आहे, आणि ती संस्थांनी आधीच सांगावी. दुसरा आक्षेप, मूल तिकडेच राहिलं तर पैसा वाया. ज्याच्या डोक्यावर पंचवीस लाखांचं कर्ज आहे त्याने तिथे चार वर्षं नोकरी करून ते फेडावं, हे मला रास्त वाटतं. प्रबंध तोपर्यंत आपल्याकडे आलेला असेल. तिसरा, दिल्लीला टेरी या ऊर्जा-पर्यावरण संस्थेचं विद्यापीठ आहे, इंदूरलाच आयआयटी आहे, मग बाहेर कशाला? बऱ्याच मुलांना तिथेच शिकणं जास्त शहाणपणाचं आहे, विशेषतः एजंटने गळ्यात मारलेल्या, नावात ‘सस्टेनेबल’ असलेल्या कुठल्याही एक वर्षाच्या कोर्सपेक्षा. त्यांनाही हीच मदत याच अटीवर मिळावी.

निगमाला भीती वाटेल ती उणिवा बाहेर येण्याची. पण जे शहर इतकी वर्षं पहिलं आलं त्याला आपल्या उणिवा मुलांना दाखवण्याची हिंमत असायला हवी. पार्षदापासून आयुक्तापर्यंत प्रत्येक जण बाहेरच्या पाहुण्यांना प्लांट दाखवायला नेतो. घरच्या विद्यार्थ्याला त्याच प्लांटचं रोजचं वजन-रजिस्टर दाखवायला हरकत नसावी.

काम फार नाही. निगमाने दरवर्षी वीस प्रश्नांची यादी काढावी. प्रत्येक प्रश्नापुढे त्याची माहिती कोणत्या विभागात आहे आणि ती देणारा अधिकारी कोण, हे लिहावं. विद्यार्थ्याला यजमान संस्थेचं पत्र द्यावं, कारण युरोपातल्या विद्यापीठांत प्रबंधासाठी बाहेरची संस्था सोबत असणं नेहमीचं आहे आणि असं पत्र असलं की मार्गदर्शक प्राध्यापक लवकर तयार होतात. आणि जाण्याआधी दोन वर्षं मुलांना कामावर घ्यावं. परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणाऱ्या जर्मनीच्या डाड (DAAD) या संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती आणि ब्रिटनची चेव्हनिंग, दोन्ही आधीचा दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. चेव्हनिंगवाल्याला तर शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतावंच लागतं. निगमात, पाणीपुरवठ्यात, सिरपूर तलावाच्या देखभालीत दोन वर्षं काम केलेल्या मुलीला शिष्यवृत्तीही मिळेल आणि विषयही सोबत घेऊन जाता येईल. घर तारण ठेवायची वेळ यातून काही घरांवरची तरी टळेल.

आपल्या मराठी संस्था गुणवंतांचे सत्कार करतात, शिष्यवृत्त्या देतात. त्यातली एखादी या विषयाला द्यावी, आणि सगळी फी भरण्याइतकी ती मोठी असण्याची गरज नाही. प्रबंधाच्या काळात माळव्यात तीन महिने राहून काम करता येईल, विमानाचं भाडं आणि मातीच्या, पाण्याच्या चाचण्यांचा खर्च निघेल, एवढी रक्कम पुरे. बदल्यात प्रबंधाचा दहा-पंधरा पानी सारांश मराठीत आणि हिंदीत मागावा, आणि महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या ठिकाणी एक संध्याकाळ त्या मुलीला बोलू द्यावं. समोर नगर निगमाचे अभियंते असावेत, देपालपूरचे शेतकरी असावेत. तिला प्रश्न विचारणाऱ्यांत कचरा गाडीवर काम करणारी एक बाई असली तर फार बरं.

युरोपातल्या दोन वर्षांच्या बहुतेक अभ्यासक्रमांत प्रबंधाचा विषय तिसऱ्या सत्रात, म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान पक्का होतो. निगमाची यादी दसऱ्यापर्यंत निघाली, तर सध्या तिकडे शिकत असलेल्या मुलांनाही ती यंदाच उपयोगी पडेल.